आजारावर लिहायचं, रुग्णावर नाही : समाजमाध्यमांवर लिहिणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांसाठी धागा

पानगळ

नमस्कार मंडळी,

मी बालरोगतज्ज्ञ आहे. दवाखान्याचं काम आटोपल्यावर गेली बरीच वर्षं मुलांच्या आजारांवर लिहिते. आधी ब्लॉग होता, मग फेसबुक आलं, आता मिनिटभराचे व्हिडिओही करते. इथे डॉक्टर, परिचारिका, फार्मासिस्ट, प्रयोगशाळेत काम करणारे असे बरेच जण आहेत, आणि रुग्ण म्हणून वाचणारे तर त्याहून जास्त. म्हणून हा धागा. आरोग्यक्षेत्रातल्या माणसाने समाजमाध्यमांवर काय लिहावं, कसं लिहावं आणि कुठे हात आखडता घ्यावा, यावर सगळ्या बाजूंनी बोलू या.

लिहावं की लिहू नये, या प्रश्नात मला अडकायचं नाही. लिहायलाच हवं. तपासणीच्या खोलीत आईबाप धास्तावलेले असतात, मूल रडत असतं, बाहेर रांग असते. तिथे सांगितलेलं अर्धंमुर्धंच डोक्यात शिरतं. रात्री मूल पुन्हा तापतं तेव्हा हातात फोन असतो, आणि त्या फोनवर कोणी ना कोणी सल्ला द्यायला बसलेलंच असतं. मग तिथे जाणकाराने का नसावं? माझ्या लिखाणातली तापावरची एक जुनी नोंद अजूनही सगळ्यात जास्त वाचली जाते. तिच्यात एवढंच आहे की तापमापकावरच्या आकड्यापेक्षा मूल कसं आहे ते बघा : ताप उतरल्यावर खेळतंय का, पाणी-दूध पितंय का, लघवी नेहमीसारखी होतेय का. आणि बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल आणि ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त असेल, तर यातलं काहीही बघत बसू नका, लगेच डॉक्टरकडे न्या. हे वाचून वेळेवर आलेली बाळं मी पाहिली आहेत.

या माध्यमाची ताकद आपण सगळ्यांनी पाहिली आहे. ३० डिसेंबर २०१९ रोजी वूहानमधले नेत्रतज्ज्ञ ली वेनलियांग यांनी वैद्यकीय महाविद्यालयातल्या जुन्या सोबत्यांच्या वीचॅट गटावर कळवलं की सार्ससारख्या आजाराचे सात रुग्ण सापडले आहेत, जपून राहा. निरोप गटाबाहेर गेला. ३ जानेवारीला पोलिसांनी त्यांना बोलावून खोटी माहिती पसरवल्याचा ठपका ठेवला आणि समजपत्रावर सही घेतली. ७ फेब्रुवारीला ते त्याच आजाराने, म्हणजे कोविडने, गेले. ती समज मार्चमध्ये मागे घेतली गेली, तोवर सगळं जग घरात बंद व्हायला लागलं होतं.

आता दुसरी बाजू. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात २०११ साली आपत्कालीन विभागातल्या एका डॉक्टरवर वैद्यकीय मंडळाने कारवाई केली. त्यांनी फेसबुकवर रुग्णाचं नाव लिहिलेलं नव्हतं. पण दुखापतीचं वर्णन असं होतं की तिऱ्हाईत माणसाने तो रुग्ण ओळखला. रुग्णालयातलं काम गेलं, शिवाय दंड झाला.

माझं मत असं की आजार हा आपला विषय आहे, रुग्ण नाही. दम्यावर हजार गोष्टी लिहिता येतात. दमा असलेल्या त्या अमुक मुलाबद्दल लिहायचा हक्क मला त्याच्यावर उपचार केले म्हणून मिळत नाही. अडचण मात्र खरी आहे. नुसत्या माहितीवर लोक थांबत नाहीत, गोष्ट असली की वाचतात. मग गोष्ट आणायची कुठून? तुम्ही काय करता ते सांगा. रुग्णांनीही मोकळेपणाने लिहा, तुमचं मत मला जास्त हवं आहे.

रातपाळी

धाग्याबद्दल आभार, पानगळताई. मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. बरंचसं पटलं, पण "रुग्णावर नाही" ही रेघ इतकी सरळ ओढता येईल असं मला वाटत नाही.

आम्ही परिचारिका आजारावर कमी आणि कामावर जास्त लिहितो. एका परिचारिकेकडे किती खाटा आहेत, रात्री किती जणी आहेत, हातमोजे संपल्यावर काय होतं, हे आम्ही नाही सांगितलं तर कोण सांगणार? मार्च २०२० मध्ये मास्क आणि संरक्षक पोशाख मिळत नव्हते तेव्हा "गेट मी पीपीई" हा हॅशटॅग डॉक्टर-परिचारिकांनीच चालवला. तेव्हा वॉशिंग्टन राज्यातल्या आपत्कालीन विभागाच्या एका डॉक्टरने आपल्या रुग्णालयात सुरक्षेची तयारी कमी पडते आहे असं फेसबुकवर लिहिलं, आणि त्यांचं तिथलं काम गेलं. म्हणजे रुग्णाबद्दल अवाक्षर न लिहिताही माणूस अडचणीत येतोच. मग गोपनीयतेचं कारण पुढे करून आम्हाला गप्प बसवणं फार सोपं होतं, ही माझी भीती आहे. कागदावर रुग्णाचं संरक्षण, आणि प्रत्यक्षात झाकला जातो तो व्यवस्थेचा ढिसाळपणा.

दुसरं टोकही सांगते. २०१० साली कॅन्सासमधल्या एका महाविद्यालयाने नर्सिंगच्या चार विद्यार्थिनींना काढून टाकलं होतं. शिकवणीच्या वेळी बाळंतपणात बाहेर पडलेल्या वारेसोबत (प्लासेंटासोबत) काढलेला फोटो त्यांच्यातल्या एकीने फेसबुकवर टाकला होता. प्रकरण न्यायालयात गेलं, आणि तिला परत घ्यावं लागलं. नियमाने ती सुटली हे योग्यच झालं. तरी मला विचाराल तर तो फोटो टाकायला नको होता. ती वार कोणाची तरी होती.

उत्तरायण

मी रुग्ण म्हणून लिहिते आहे. इथे फक्त वाचत असते, पण या धाग्यावर राहवलं नाही.

मला काही वर्षांपूर्वी स्तनाचा कर्करोग झाला होता. आता ठीक आहे. उपचार संपल्यावर बऱ्याच दिवसांनी एका मैत्रिणीने एक पोस्ट पाठवली, "किती सुंदर लिहिलंय बघ" म्हणून. लिहिणारे माझेच डॉक्टर होते. पोस्टमध्ये एक शिक्षिका होती, ती बहिणीला घेऊन आली होती, आणि गाठीचा अहवाल ऐकल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला होता : "पेपर तपासून द्यायचेत, तेवढे होतील का?" त्यावरून पुढे माणसाचं मन, कर्तव्य वगैरे बरंच काही होतं. हजारो लोकांना आवडलं होतं.

तो प्रश्न मी विचारला होता. नाव नव्हतं, गाव नव्हतं, वयही बदललेलं होतं. मैत्रिणीनेसुद्धा ओळखलं नाही. मी मात्र वाचता वाचता पुन्हा त्या खुर्चीवर जाऊन बसले. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट पाच मिनिटांत मी जे बोलले ते त्या खोलीतच राहील असं मी धरून चालले होते. डॉक्टर चांगले आहेत, त्यांनी मला बरं केलं, मनात वाईट काहीच नव्हतं. पण त्यांनी विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर मी कदाचित हो म्हणाले असते, हेच मला जास्त लागतं.

पानगळ

उत्तरायण, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. इथे लिहिणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने तुमचा प्रतिसाद वाचावा.

आम्हाला शिकवलं जातं की ओळख पुसली की काम झालं. अमेरिकेच्या हिपा या आरोग्यमाहितीच्या गोपनीयतेच्या कायद्यात तर ओळख पटवणाऱ्या १८ प्रकारच्या तपशिलांची यादीच आहे : नाव, पत्ता, वर्ष सोडून बाकीच्या तारखा, फोन, चेहऱ्याचा पूर्ण फोटो वगैरे. ती यादी उपयोगाची आहे. पण ती इतरांपासून ओळख लपवते, रुग्ण स्वतःला ओळखतोच. तुमचा प्रश्न त्या १८ पैकी कशातच बसत नाही.

वैद्यकीय नियतकालिकात एखाद्या रुग्णाची हकीकत छापायची तर त्याची माहितीपूर्ण संमती घ्यावी लागते. २०१३ साली आलेल्या 'केअर' मार्गदर्शक सूचनांमध्येही ती अपेक्षा आहे. जे शे-दोनशे तज्ज्ञ वाचणार त्यासाठी सही लागते, आणि जे लाखभर लोक वाचणार त्यासाठी काहीच नको, हे कसं चालेल?

रातपाळी, व्यवस्थेबद्दलचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. रिकामी कपाटं, कामाचे तास, अपुरी माणसं यावर लिहायला कोणत्याच रुग्णाची गोष्ट लागत नाही. तिथे गोपनीयतेचं नाव पुढे करणाऱ्यांना ठणकावून सांगायला हवं. माझी रेघ त्यासाठी नव्हती.

गोष्ट कुठून आणायची, याचं मला सापडलेलं उत्तम उदाहरण म्हणजे केट ग्रेंजर. ब्रिटनमधल्या वृद्धोपचाराच्या या डॉक्टर स्वतः कर्करोगाने आजारी होत्या. २०१३ साली रुग्णालयात पडून असताना त्यांच्या लक्षात आलं की येणारे-जाणारे कर्मचारी आपलं नावही सांगत नाहीत. त्यावर त्यांनी लिहिलं, आणि 'हॅलो, माय नेम इज' ही मोहीम ट्विटरवरून सुरू झाली. कर्मचाऱ्यांनी रुग्णाला आधी आपलं नाव सांगायचं, एवढंच तिचं मागणं. ती पुढे कितीतरी देशांतल्या रुग्णालयांत पोचली. २०१६ साली त्या गेल्या. त्यांनी सांगितलेली गोष्ट त्यांची स्वतःची होती, म्हणून ती सांगायचा अधिकारही पूर्ण त्यांचा होता.

औषधपेटी

फार्मासिस्ट आहे. गोपनीयतेवर चांगली चर्चा चालली आहे, मी वेगळ्याच धोक्याबद्दल लिहितो : पोस्टखालच्या प्रतिक्रिया.

पोस्ट उत्तम असते, विचार करून लिहिलेली असते. खाली कोणीतरी विचारतं, "माझं बाळ ८ किलोचं आहे, तापाचं औषध किती देऊ?" आणि कोणीतरी भला माणूस, कधी कधी डॉक्टरसुद्धा, घाईत लिहून जातो : "५ एमएल द्या."

आता हिशेब बघा. पॅरासिटामॉलचा एका वेळचा डोस साधारण किलोमागे १५ मिलिग्रॅम धरतात, म्हणजे ८ किलोच्या बाळाला १२० मिलिग्रॅम. एका सिरपमध्ये ५ एमएलला १२० मिलिग्रॅम असतं, तिथे "५ एमएल" बरोबर. दुसऱ्या सिरपमध्ये ५ एमएलला २५० मिलिग्रॅम असतं, तिथे डोस दुपटीच्या वर गेला. आणि लहान बाळांसाठी जे थेंब मिळतात त्यातल्या काहींत एका एमएललाच १०० मिलिग्रॅम असतं. ते ५ एमएल दिलं तर ५०० मिलिग्रॅम, चौपटीहून जास्त. असे डोस दिवसातून चार वेळा, दोन-तीन दिवस गेले तर यकृतावर काय बेतेल ते सांगायला नको. बाटली हातात धरलेल्या आईला हा फरक कळेलच असं नाही, आणि उत्तर देणाऱ्याला तर बाटली दिसतच नसते.

म्हणून प्रतिक्रियांमध्ये डोस सांगायचाच नाही असा माझा नियम आहे. बाटलीवरची तीव्रता कशी वाचायची, मिलिग्रॅम म्हणजे काय, एमएल म्हणजे काय, चमचा न वापरता सोबतची सिरिंज का वापरायची, हे मी कितीही वेळा लिहीन. डोससाठी मात्र बाटली घेऊन जवळच्या फार्मासिस्टकडे किंवा डॉक्टरकडे जा.

चांदणवेल

औषधपेटी यांना +१. हे कापून फ्रिजवर लावण्यासारखं आहे.

पण एक शंका. लोक प्रतिक्रियांमध्ये विचारतात कारण त्यांच्याजवळ विचारायला दुसरं कोणी नसतं. "डॉक्टरकडे जा" एवढं सांगून सोडून देणं निष्ठुर वाटत नाही का?

पानगळ

चांदणवेल, वाटतं. म्हणून नुसतं "डॉक्टरकडे जा" न लिहिता कधी जा, किती घाईने जा आणि जाताना काय सांगा, हे लिहावं. "श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल तर आत्ता निघा, तसं नसेल आणि बाळ पीत असेल तर सकाळी न्या" यात कोणावरही उपचार केलेले नाहीत, तरी आईला दिशा मिळते.

नियमही साधारण हेच सांगतात. भारताच्या राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये जी नियमावली काढली तिच्यात समाजमाध्यमांसाठी वेगळी सूत्रं होती : जाहीर ठिकाणी उपचारांची चर्चा किंवा औषधं लिहून देणं टाळा, कोणी विचारलं तर त्याला दूरवैद्यक सल्ल्याकडे किंवा प्रत्यक्ष तपासणीकडे वळवा, लाइक आणि फॉलोअर विकत घेऊ नका. ती नियमावली तीनच आठवड्यांत स्थगित झाली, पण एवढा भाग मला आजही रास्त वाटतो.

आकडेमोड

मी साथरोगशास्त्रात आकडेवारीचं काम करतो. फॉलोअर विकत घेण्याचा विषय निघालाच आहे तर पैशाबद्दल स्पष्ट बोलू या, कारण आत्तापर्यंतचे सगळे प्रतिसाद सद्हेतूने लिहिणाऱ्यांबद्दल आहेत.

फेब्रुवारी २०२५ मध्ये जामा नेटवर्क ओपन या नियतकालिकात एक अभ्यास आला. इन्स्टाग्राम आणि टिकटॉकवरच्या ९८२ पोस्ट तपासल्या होत्या. विषय पाच चाचण्यांचा : संपूर्ण शरीराचा एमआरआय, एकाच रक्तचाचणीत अनेक कर्करोग शोधणं, स्त्रियांच्या बीजसाठ्याची एएमएच चाचणी, आतड्यातल्या जिवाणूंची चाचणी आणि टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची चाचणी. सुमारे ८७ टक्के पोस्टमध्ये फायदे सांगितले होते. तोट्यांचा उल्लेख जेमतेम १५ टक्के पोस्टमध्ये होता. आणि ६८ टक्के खातेधारकांचे त्यात पैशाचे हितसंबंध होते. लिहिणाऱ्यांमध्ये डॉक्टरही होते.

धडधाकट माणसाच्या चाचणीत तोटा कसला, असं कोणालाही वाटेल. सगळ्या अंगाचा एमआरआय केला की कुठे ना कुठे काहीतरी दिसतंच. यकृतावर ठिपका, मूत्रपिंडात गाठ, थायरॉइडमध्ये दाणा. त्यातलं बहुतेक निरुपद्रवी असतं, पण एकदा दिसलं की स्वस्थ बसवत नाही. पुन्हा स्कॅन, मग सुई घालून तुकडा काढणं, कधी शस्त्रक्रिया. जो आजार त्या माणसाला जन्मात त्रास देणार नव्हता त्याचा तो रुग्ण होतो. पोस्टमध्ये हे सांगायला एक वाक्य पुरतं. ते वाक्य गाळलेलं दिसलं की मी पुढे वाचत नाही.

आकडे कसे मांडलेत तेही बघा. एखाद्या औषधाने धोका "५० टक्क्यांनी वाढतो" असं लिहिलं की छातीत धस्स होतं. समजा मुळात दहा हजारांत दोघांना तो त्रास होत होता आणि आता तिघांना होतो. वाढ ५० टक्केच, पण दहा हजारांत एक माणूस जास्त. दोन्ही वाक्यं खरी आहेत, भीती मात्र पहिल्यानेच वाटते. "आधी कितीत किती, आता कितीत किती" हे सांगणाऱ्या डॉक्टरवर मी विश्वास ठेवतो. त्याचे फॉलोअर किती हे बघायची मला गरज पडत नाही.

स्पष्टवक्ता

मला हा सगळा प्रकारच नको वाटतो. स्पष्ट लिहितो, राग मानू नये.

एक डॉक्टर लिहितो हे करा, दुसरा लिहितो अजिबात करू नका. दोघांनाही मोठ्या पदव्या. मास्कच्या वेळी तेच झालं : आधी सामान्य माणसाला गरज नाही म्हणाले, मग सक्तीचा केला. आम्ही कोणाचं ऐकायचं? डॉक्टरांनी आपसातले वाद आपल्या परिषदांमध्ये मिटवावेत आणि एकमत झाल्यावर आम्हाला सांगावं. तोवर दवाखान्यात आलेल्या माणसाकडे बघावं.

पानगळ

स्पष्टवक्ता, राग कसला, हा आक्षेप यायलाच हवा होता. मी उलट बाजूने विचार करते, तो कसा ते सांगते.

शेंगदाण्याच्या ॲलर्जीचं उदाहरण घ्या. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० साली सांगितलं होतं की ॲलर्जीचा धोका जास्त असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका. २००८ साली त्यांनी तो सल्ला मागे घेतला, कारण पुरावा सापडत नव्हता. २०१५ साली 'लीप' हा अभ्यास आला. जास्त धोका असलेल्या ६४० बाळांपैकी निम्म्यांना लवकर शेंगदाणा सुरू केला, निम्म्यांना टाळायला सांगितला. पाचव्या वर्षी तपासलं तेव्हा शेंगदाणा खाणाऱ्या गटात ॲलर्जीचं प्रमाण सुमारे ८१ टक्क्यांनी कमी होतं. सल्ला पूर्ण उलटा झाला.

आकडेमोड आता विचारतील "कितीत किती?", म्हणून तेही सांगते. त्वचाचाचणीत आधी काहीच न आढळलेल्या बाळांमध्ये टाळणाऱ्या शंभरांत साधारण चौदा, खाणाऱ्या शंभरांत दोन. मात्र अशा जास्त धोक्याच्या बाळांना सुरुवात डॉक्टरांना विचारूनच करायची, घरच्या घरी प्रयोग नकोत.

हे सगळं बंद दाराआड झालं असतं तर काय दिसलं असतं? काल नको म्हणत होते, आज द्या म्हणतात, यांचं काही खरं नाही. मधली पंधरा वर्षं, फसलेला तर्क, मग केलेला नेमका प्रयोग, हे उलगडून सांगितलं तर लोकांना कळतं. मास्कच्या बाबतीत तेच कमी पडलं. सल्ला का बदलला हे सांगायच्या आधी सल्ला बदलला गेला.

यातून लिहिणाऱ्यांसाठी एक अगदी व्यवहारातली गोष्ट निघते. जुनं लिखाण आंतरजालावर तसंच पडून राहतं. "तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा नको" सांगणारा जुना लेख एखाद्या आईला आजही सापडतो, आणि त्यावर तारीख नसेल तर तिने काय समजायचं? मी प्रत्येक नोंदीच्या माथ्यावर लिहिल्याची आणि शेवटची तपासल्याची तारीख घालते. सल्ला बदलला तर जुना मजकूर गुपचूप पुसत नाही, वर ठळक अक्षरांत लिहिते की हे आता असं नाही, आणि का नाही.

आकडेमोड

विचारणारच होतो. :) तारखेच्या मुद्द्याला जोरदार अनुमोदन.

तिसरी_घंटा

मी निवासी डॉक्टर आहे, शिकतोय अजून. आमच्या पिढीला निम्मं शिक्षण याच माध्यमांनी दिलं, हे कोणीतरी लिहायला हवं. 'फोम' म्हणून चळवळ आहे, वैद्यकीय शिक्षण सगळ्यांना मोफत आणि खुलं. हे नाव २०१२ साली डब्लिनच्या आपत्कालीन वैद्यकाच्या परिषदेच्या वेळी पडलं आणि ब्लॉग, पॉडकास्ट, ट्विटर यांतून ती जगभर पसरली. मोठ्या ग्रंथालयाशिवाय काम करणाऱ्या माझ्यासारख्याला ईसीजी वाचायला तिथल्या अनोळखी शिक्षकांनी शिकवलं.

दोन प्रश्न आहेत. पहिला, टोपणनावाने लिहिलं तर चालतं का? ब्रिटनमधल्या डॉक्टरांचं नियमन करणाऱ्या जनरल मेडिकल कौन्सिलने २०१३ साली सांगितलं होतं की जाहीर माध्यमावर डॉक्टर म्हणून लिहिणार असाल तर नावानिशी लिहा. पण नाव दिलं की वरिष्ठ वाचतात. शिवाय २०२० साली एका शस्त्रक्रिया नियतकालिकातल्या शोधनिबंधात तरुण शल्यविशारदांच्या वैयक्तिक खात्यांत डोकावून पोहण्याच्या कपड्यांतले फोटो "अव्यावसायिक" ठरवले होते. 'मेडबिकिनी' हॅशटॅगखाली जगभरच्या स्त्री-डॉक्टरांनी निषेध केल्यावर तो निबंध मागे घ्यावा लागला. म्हणजे नावाने लिहिणाऱ्याचं सगळं आयुष्यच तपासणीला लागतं.

दुसरा, आम्ही एक्स-रे, त्वचेवरचे चट्टे यांचे फोटो वरिष्ठांच्या गटावर टाकून मत विचारतो. तो गट बंद असतो. ते चालतं ना?

रातपाळी

तिसरी_घंटा, दुसऱ्याचं मी सांगते. पानगळताईंनी पहिल्याच प्रतिसादात ली वेनलियांग यांचं लिहिलंय, ते परत वाच. तोही बंदच गट होता. त्यांनी तर निरोप बाहेर देऊ नका असंही सांगितलं होतं. गटात पन्नास फोन असतील तर त्यातला प्रत्येक फोन घरी जातो, मुलांच्या हातात पडतो, दुरुस्तीला जातो.

मत विचारणं गरजेचंच असतं, रुग्णाच्या भल्याचंच असतं. पण टाकण्याआधी फोटो मोठा करून चारही कोपरे बघ. एक्स-रेच्या कोपऱ्यात नाव, वय, नोंदणी क्रमांक छापलेला असतो. नाव कापलं तरी क्रमांक राहून जातो. मॉनिटरचा फोटो काढला तर काचेत मागची खाट दिसते. चट्ट्याच्या फोटोत गोंदण येतं, हातातलं कडं किंवा अंगठी येते, आणि घरच्या माणसाला तेवढं पुरतं. फोटोच्या फाइलमध्ये जागा आणि वेळ नोंदलेली असू शकते. काम झालं की स्वतःच्या फोनमधून पुसून टाक, आपोआप साठवण चालू असेल तर तिथूनही. आणि रुग्णालयाची स्वतःची सुरक्षित सोय असेल तर तीच वापर.

नावाबद्दल मात्र मी तुझ्या बाजूने आहे. लसीकरणावर नावानिशी लिहिणाऱ्या माझ्या सहकारी मैत्रिणीला घरच्या पत्त्यासकट धमक्या आल्या आहेत. ऑस्ट्रियात लसीच्या बाजूने बोलणाऱ्या एका डॉक्टरने महिनोन्महिने धमक्या सोसल्या आणि जुलै २०२२ मध्ये जीवन संपवलं. "नावाने लिहा" असं सांगणाऱ्या संस्थांनी त्या नावाच्या पाठीशी उभं राहायची जबाबदारीही घ्यायला हवी. ती घेतलेली मला फारशी दिसत नाही.

औषधपेटी

अवांतर : अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयाचं समाजमाध्यम-धोरण बारा इंग्रजी शब्दांचं म्हणून प्रसिद्ध आहे. खोटं बोलू नका, खाजगीत डोकावू नका, फसवू नका, टाकलेलं पुसता येत नाही, चोरू नका, गुपित फोडू नका. नव्या कर्मचाऱ्यांना मी हेच आधी सांगतो, मग बाकीचे नियम.

उत्तरायण

सगळं वाचते आहे. एक विचारू का? त्या डॉक्टरांना मी आता काही कळवावं का? पोस्ट अजून तिथेच आहे. माझे दर सहा महिन्यांनी तपासणीचे फेरे त्यांच्याकडेच असतात, म्हणून संकोच वाटतो.

पानगळ

कळवा. थोडक्यात आणि थेट : ती बाई मी आहे, मला विचारलं नव्हतं, पोस्ट काढावी. तुम्हाला ठेवायची असेल तर तसंही सांगा, पण ठरवायचं तुम्ही. समोरासमोर अवघड वाटत असेल तर लिहून द्या, किंवा पुढच्या फेरीला बहिणीला बोलू द्या. चांगला डॉक्टर हे ऐकून तुमच्यावर नाराज होणार नाही. आणि तुम्हाला वाटलेला संकोच हेच कारण आहे की उपचार चालू असताना नुसतं "लिहू का?" विचारणं पुरेसं नसतं. ज्याच्या हातात आपला जीव आहे त्याला नाही म्हणणं सोपं नसतं.

तिसरी_घंटा

पानगळमॅडम, तुम्ही संमती घेता तेव्हा नेमकं काय म्हणता? शब्द मिळाले तर फार मदत होईल.

पानगळ

मी शक्यतो गोष्टच वापरत नाही. वापरायचीच झाली तर उपचार संपल्यावर, पालकांना एकांतात, मूल कळत्या वयाचं असेल तर त्यालाही, साधारण असं सांगते. कागदावरही हेच असतं :

"तुमच्या मुलाच्या आजाराबद्दल मला लिहायचं आहे. ते कोणीही वाचू शकेल, तुमचे शेजारी आणि मुलाच्या शाळेतले लोकसुद्धा. नाव, तारखा, जागा मी बदलीन, तरी तुम्ही स्वतः आणि जवळचे लोक ओळखतील असं धरून चाला. आज उत्तर देऊ नका, घरी बोलून आठवड्याने सांगा. नाही म्हणालात तर कारण विचारणार नाही आणि पुढच्या उपचारांत काहीही फरक पडणार नाही. हो म्हणालात आणि नंतर कधीही नको वाटलं, तर मी काढून टाकीन. पण तोवर कोणी त्याची प्रत काढली असेल तर ती मला परत घेता येणार नाही."

शेवटचं वाक्य ऐकून बरेच जण नाही म्हणतात. मग मी लिहीत नाही.

उत्तरायण

यात एक भर घाला. छापण्याआधी लिहिलेलं सगळं वाचायला द्याल, आणि जे वाक्य नको वाटेल ते काढाल. काय लिहिणार हे माहीत नसताना हो म्हणण्याला फारसा अर्थ नसतो.

पानगळ

बरोबर आहे. घातलं. "आठवड्याने सांगा"च्या आधी आता हे आहे : "मी लिहिलेलं तुम्हाला आधी वाचायला देईन. त्यातलं जे नको असेल ते काढीन, सगळंच नको असेल तर सगळं."

तिसरी_घंटा, तुमच्या कागदातही हे घ्या.